अ‍ॅक्शनपटातल्या नायिकेला लढण्यासाठी कारण का लागते?

लष्करची लेखणी (धागाकर्ती)

ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळाने उन्हाळी सुट्टीत आठवी ते बारावीच्या मुलामुलींना दर शनिवारी एक अ‍ॅक्शनपट दाखवून त्यावर चर्चा घडवून आणायचे ठरवले आहे. यादी करण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या बैठकीत सुचवलेल्या सर्व चित्रपटांत मारामारीचा भार पुरुषांच्याच खांद्यावर होता. मी तसे म्हटल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी तोडगा काढला, "झाशीच्या राणीवरचा एक घालून टाका, म्हणजे प्रश्न मिटला." सर्वांनी माना डोलावल्या, तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढे सरकला.

राणीबद्दल माझा आक्षेप असण्याचे कारणच नाही. फुलबागेतील समाधी आम्हा ग्वाल्हेरकरांच्या रोजच्या वाटेवर आहे. परंतु सिनेमाने, कॅलेंडरांनी आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांनी आपल्या डोळ्यांपुढे जी राणी उभी केली आहे, ती प्रामुख्याने पाठीशी मूल बांधून किल्ल्यावरून घोडा फेकणारी आहे. इतिहासातील लक्ष्मीबाई जून 1858 मध्ये तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्यासह ग्वाल्हेर ताब्यात घेते आणि ब्रिटिश सेनापती ह्यू रोजच्या फौजेशी ग्वाल्हेरजवळच्या कोटा-की-सराय येथे स्वाराच्या वेशात लढते. त्या वेळी ती एका मोहिमेतील सेनानी असते. असे असूनही चित्र काढायला बसलेल्या कोणालाही आधी पाठीवरचे मूलच आठवते.

मराठीतले दुसरे उदाहरण 'हिरकणी'चे (2019). रायगडाचा कडा अंधारात उतरणे हे शारीरिक धाडसाचे टोक आहे आणि चित्रपटाने ते जीव ओतून दाखवलेही आहे. पण तो कडा उतरण्याची मुभा तिला मिळते ती घरी तान्हे मूल आहे म्हणून. आपल्या ऐतिहासिक युद्धपटांत इतर स्त्रियांच्या वाट्याला बहुतेक वेळा औक्षणाचे ताट येते. निरोपाच्या प्रसंगात निरांजनाच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसतो आणि मग थेट वार्ता येते तेव्हा पुन्हा दिसतो.

म्हणून मला असे वाटते की, 'स्त्री लढते की नाही' एवढाच प्रश्न विचारून भागणार नाही. तिला लढण्यासाठी कोणती कारणे चालतात, हे पाहायला हवे. मातृत्व चालते, वैधव्य चालते, अब्रूवरचा घाला चालतो. नोकरी आहे म्हणून, हातात कसब आहे म्हणून किंवा नुसतीच खुमखुमी आहे म्हणून लढणारी नायिका आपल्याला फारशी सापडत नाही. जाणकारांनी उदाहरणे द्यावीत, अपवाद तर अवश्य द्यावेत.

रीळ आणि दिवा

ताई, माझे अर्धे आयुष्य ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टर खोलीत गेले आहे, तेव्हा अपवादापासूनच सुरुवात करतो. 1935 साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला आणि त्यात फिअरलेस नादिया होती. मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. होमी वाडियांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ती दिवसा राजकन्या आणि रात्री मुखवटा घालून चाबूक चालवणारी असते. तिने आपली धाडसी दृश्ये स्वतः केली, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या केल्या, धिप्पाड पुरुषांना उचलून फेकले, आणि लोकांनी तिला वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले. 'डायमंड क्वीन'मध्ये (1940) तर ती हाणामारीच्या जोडीने साक्षरतेचा पुरस्कारही करते.

आता खोच अशी की, नादिया गोरी होती, निळ्या डोळ्यांची होती. माझे मत विचाराल तर प्रेक्षकांनी तिला एवढी मोकळीक दिली त्याचे एक कारण तेच असावे. ती आपल्या घरातली वाटत नव्हती. मेमसाहेबाने चड्डी आणि बूट घालून कोणाला लाथ घातली तर त्यात आपल्या लेकीसुनांनी धडा घेण्यासारखे काही नव्हते. पुढे घरची वाटणारी नायिका पडद्यावर आली तेव्हा ती आगगाडीच्या टपावरून खाली उतरली, ती कित्येक दशके परत चढली नाही.

आणखी एक गोष्ट प्रोजेक्टर खोलीच्या खिडकीतून मी अगणित वेळा पाहिली आहे. 'शोले'मध्ये (1975) बसंतीच्या टांग्यामागे डाकू लागतात, तेव्हा पुढच्या बाकांवरून शिट्ट्या पडत. तो टांगा हेमा मालिनींच्या जागी हाकणारी स्त्री रेश्मा पठाण होती, हे शिट्ट्या मारणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि रीळ चढवणाऱ्या मलाही ठाऊक नव्हते. त्याआधी नायिकेच्या जागी बहुधा साडी आणि टोप चढवलेला पुरुष उडी मारत असे. पडदा मोठा असला आणि प्रत चांगली असली की पोटऱ्यांवरून आम्ही तो हमखास ओळखत असू!

बाड्यावरचा

चर्चा चांगली आहे, परंतु दोन शंका आहेत. पहिली म्हणजे कारण नायकालाही लागतेच. सत्तरच्या दशकापासूनचा संतप्त नायक बापाच्या खुनाचा, आईच्या अपमानाचा किंवा बहिणीवरील अत्याचाराचा सूड घेत आला आहे. मग नायिकेने सूड घेतला तर तो साचा आणि नायकाने घेतला तर ती परंपरा, असे कसे?

दुसरी शंका शरीराची. पन्नास किलो वजनाची नायिका नव्वद किलोच्या चार गुंडांना भिंतीवर आपटते, हे पाहताना माझ्यातला प्रेक्षक हसतो. त्याला पुरुषी पूर्वग्रह म्हणायचे असेल तर म्हणा, परंतु वजनाचे गणित पडद्यावरही सुटत नाही.

दोरावरची

वजनाच्या गणिताबद्दल मी लिहिते, कारण मी मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवते. बाड्यावरच्या दादांना आधी एक विचारते. एकटा नायक नव्वद किलोच्या वीस जणांना लोळवतो तेव्हा ते गणित सुटते का? तिथे तुम्ही शिट्टी मारता आणि इथे वजनकाटा घेऊन बसता.

तरीही प्रश्न खरा आहे, म्हणून नीट उत्तर देते. दोरीवर मुलगी पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात सुती दोर पकडते. सुरुवातीला तिथली कातडी सोलवटते, मांडीच्या आतल्या बाजूला दोराचे वळ उठतात, आणि घरी आया विचारतात की हे डाग लग्नाच्या वेळी दिसणार का. काही महिन्यांनी तीच मुलगी जमिनीपासून उंच, हात सोडून, निव्वळ पायाच्या पकडीवर तोल सांभाळते. तिचे बळ दंडात दिसत नाही. ते पकडीत, कमरेत आणि वेळ साधण्यात असते. पडद्यावरच्या मारामारीत खरोखर लागते ते हेच. मिशेल यो ही मूळची बॅले शिकलेली नर्तकी. तिने 'येस, मॅडम'पासून (1985) हाँगकाँगच्या अ‍ॅक्शनपटांत नाव काढले आणि 1992 साली 'पोलीस स्टोरी 3'मध्ये मोटारसायकल स्वतः चालवत धावत्या आगगाडीवर उडी घेतली. नर्तकीचे शरीर लढाईला उपयोगी पडते, हे हाँगकाँगच्या दिग्दर्शकांना, नर्तकीच नायिका असलेल्या 1966 च्या 'कम ड्रिंक विथ मी'पासूनच कळले होते. आपल्याकडे नायिका पहाटेपासून कथ्थक करते आणि पडद्यावर तिला उपयोग फक्त गाण्यात होतो.

माझा राग निराळ्याच गोष्टीवर आहे. आपल्या नायिकेचे शिकणे पडद्यावर कोणी दाखवत नाही. तिच्यात ऐनवेळी देवी संचारते. केस मोकळे सुटतात, कपाळावर कुंकू फासले जाते, शंख फुंकला जातो, त्रिशूळ कुठून तरी हाताशी येतो, आणि पाच मिनिटांत सगळे दुष्ट आडवे. संचार ओसरला की बाई पुन्हा पदर सावरते. देवीबद्दल मला पूर्ण श्रद्धा आहे, नवरात्रात मी घट बसवते. पण अंगात आलेल्या बळाचे श्रेय अंगाला मिळत नाही, हे माझ्या मुलींनी का पाहावे? पडलेली, पुन्हा दोर धरणारी, चिडून रडणारी आणि तरी दुसऱ्या दिवशी येणारी मुलगी त्यांना पाहायला मिळाली पाहिजे. या दृष्टीने 'दंगल' (2016) मला मोलाचा वाटतो. तो अ‍ॅक्शनपट नाही हे मान्य, आणि त्यातले स्वप्न बापाचे आहे हेही मान्य, परंतु शेवटच्या कुस्तीच्या वेळी बापाला खोलीत कोंडून लेखकाने मुलीला एकटीने डाव शोधायला लावले आहे.

मध्य प्रदेशाने 2013 साली मल्लखांब हा राज्यखेळ घोषित केला. आपल्याच शहरात 1857 च्या शताब्दीनिमित्त लक्ष्मीबाईंच्या नावाने 1957 साली सुरू झालेली शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. अशा गावात मुलींच्या ताकदीविषयी वजनकाटा बाहेर काढावा लागतो, याचे नवल वाटते.

लष्करची लेखणी

दोरावरच्या ताईंचे मनापासून आभार. बाड्यावरच्या दादांच्या पहिल्या शंकेला उत्तर देते, कारण ती टाळण्यासारखी नाही.

नायकाला सूडाचे कारण असते हे खरे आहे, परंतु ते त्याच्या अनेक कारणांपैकी एक असते. तो गुप्तहेर असतो, कारण ती त्याची नोकरी आहे. तो दरोडा घालतो, कारण त्याला पैसा हवा आहे. तो मित्रासाठी मरतो, पैजेसाठी गाडी उडवतो, आणि हे सारे करण्यापूर्वी त्याच्यावर कोणता आघात झाला होता असे आपण विचारत नाही. स्त्रीच्या बाबतीत मात्र जखम ही जणू परवान्यासारखी दाखवावी लागते. 1987 आणि 1988 या दोन वर्षांतले 'प्रतिघात', 'ज़ख्मी औरत' आणि 'खून भरी मांग' आठवून पाहा. पहिल्यात भर रस्त्यात विटंबना झालेली प्राध्यापिका, दुसऱ्यात बलात्कार झालेली पोलीस अधिकारी, तिसऱ्यात पुन्हा लग्न केल्यावर नव्या नवऱ्याने मगरींच्या तोंडी दिलेली विधवा. या चित्रपटांनी स्त्रीच्या संतापाला मुख्य प्रवाहात जागा करून दिली, हे श्रेय मी त्यांना देतेच. पण दुसऱ्या उदाहरणातली नायिका मुळात पोलीस आहे, तिला शस्त्र चालवण्याचे शिक्षण आणि अधिकार दोन्ही आहेत, तरीही तिच्या कथेचे इंजिन तिच्यावरचा अत्याचारच असावा, हे मला खटकते. त्याच्या उलट तेलुगूत 1990 साली विजयाशांतींचा 'कर्तव्यम्' आला. त्यातली पोलीस अधिकारी कामावर आहे म्हणून लढते, आणि या भूमिकेसाठी विजयाशांतींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अ‍ॅक्शन करणाऱ्या नायिकेला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार, हे आपल्याकडे किती दुर्मीळ आहे!

परदेशातले एक उदाहरण तर प्रयोगासारखे आहे. 'सॉल्ट' (2010) हा हेरपट आधी टॉम क्रूझसाठी लिहिला जात होता, नंतर तो अँजेलिना जोलीकडे आला आणि संहिता बदलली. पुरुष-नायकाच्या आवृत्तीत नायक आपल्या बायकोला वाचवतो. नायिका आल्यावर तिने नवऱ्याला वाचवणे निर्मात्यांना अवघड वाटले, आणि चित्रपटात तिच्या डोळ्यांदेखत नवऱ्याला मारले जाते. ती इमारतींवरून उड्या मारू शकते, धावत्या ट्रकांवर चढू शकते, पण नवऱ्याचे प्राण वाचवणे तेवढे तिला जमू द्यायचे नाही. 1979 च्या 'एलियन'मध्ये याच्या अगदी उलट घडले. त्या संहितेत पात्रांच्या भूमिका स्त्री किंवा पुरुष कोणीही करू शकेल अशी सूचनाच होती, त्यामुळे सिगर्नी वीव्हरची रिप्ली ही आधी एका जहाजावरची अधिकारी आहे आणि नियम पाळण्याचा आग्रह धरते. तिला कोणी जखम चिकटवली नाही.

कात्री

मी इंदूरला चित्रफितींच्या संकलनाचे काम करतो, मूळचा ग्वाल्हेरच्या दौलतगंजचा. एक बाजू इथे अजून आलेली नाही, ती म्हणजे कॅमेरा आणि कपडे.

मारामारीच्या दृश्यात अंगावर पॅड बांधावे लागतात. कोपर, गुडघे, कंबर, पाठ. नायकाच्या जागी पडणाऱ्या कलाकाराला जाड पँट आणि जाकीट असते, त्याखाली सगळे लपते. नायिकेचा पोशाख बिनबाह्यांचा, तंग किंवा तोकडा ठरवलेला असतो, त्यामुळे तिच्या जागी पडणाऱ्या स्त्रीला त्याच काँक्रीटवर जवळजवळ काहीच न बांधता पडावे लागते. म्हणजे पोशाख ठरवणाऱ्याने बैठकीत जो निर्णय सौंदर्यासाठी घेतला, त्याचे मोल कोणाच्या तरी कमरेने चुकवायचे असते. या कलाकारांचे नाव श्रेयनामावलीत शोधायला गेलात तर पाटी सरकून गेलेली असते. ऑस्कर अकादमीनेदेखील धाडसी दृश्यांच्या संयोजनासाठी स्वतंत्र पुरस्कार 2025 साली कुठे जाहीर केला, आणि तो 2027 मधल्या चित्रपटांपासून लागू होणार आहे.

संकलनाच्या टेबलावर साचा आणखी स्पष्ट दिसतो. नायकाचा ठोसा मी खांद्यापासून मुठीपर्यंत आणि मुठीपासून समोरच्याच्या जबड्यापर्यंत दाखवतो, म्हणजे जोर कुठून आला हे प्रेक्षकाला कळते. नायिकेच्या दृश्याचे चित्रण माझ्याकडे येते तेव्हा त्यात तिची कंबर असते, भुरभुरणारे केस असतात, संथगतीत वळणारी पाठ असते; जबड्यावर मूठ बसल्याचा तुकडा मात्र सापडत नाही. मग मी आवाजाने वेळ मारून नेतो. ब्रिटिश चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी पडद्यावरच्या पुरुषी नजरेवरचा आपला प्रसिद्ध निबंध 1975 साली छापला, म्हणजे 'शोले'च्याच वर्षी. त्यातले सगळेच मला पटते असे नाही, पण स्त्री पडद्यावर आली की कथा थांबते आणि पाहणे सुरू होते, हे त्यांचे निरीक्षण मी माझ्या संकलनाच्या टाइमलाइनवर दर आठवड्याला तपासून पाहतो.

उलट उदाहरण द्यायचे तर 'मॅड मॅक्स : फ्यूरी रोड' (2015). मुलांना दाखवण्याजोगा नाही, तेव्हा यादीसाठी सुचवत नाही. त्याचे संकलन मार्गारेट सिक्सेल यांनी केले आणि त्यांना ऑस्कर मिळाले. दृश्ये अतिशय वेगाने बदलतात, पण महत्त्वाची गोष्ट सातत्याने चौकटीच्या मधोमध ठेवलेली असल्यामुळे डोळा चुकत नाही. नायिका फ्यूरिओसाचा एक हात कृत्रिम आहे, डोके भादरलेले आहे, तोंडावर ग्रीस आहे. ती गाडी कशी चालवते, कोणता गिअर टाकते, कोणावर नेम धरते हे आपण पाहत राहतो. तिच्याकडे पाहत बसायला कॅमेऱ्याला वेळच नाही.

बाड्यावरचा

दोरावरच्या ताईंच्या काट्याचा मुद्दा मान्य करतो, वीस गुंडांचे गणित माझ्या ध्यानात आले नव्हते असे नाही, पण मी ते सवयीने सोडून देत होतो. आता माझी बाजू मांडतो.

या साच्यात पुरुषही सुटलेला नाही. नायकाला भीती वाटता कामा नये, वार झाला तरी दवाखान्यात जाता कामा नये, आणि रडायचे असेल तर कोणाचे तरी प्रेत मांडीवर असले पाहिजे. ते प्रेत बहुतेक वेळा स्त्रीचे असते. अमेरिकेत गेल सिमोन या लेखिकेने 1999 साली कॉमिक्समधल्या अशा स्त्रीपात्रांची यादीच केली होती, ज्यांना केवळ नायकाच्या कथेला धक्का देण्यासाठी मारले किंवा छळले गेले. आपल्या चित्रपटांतल्या बहिणी त्या यादीत घातल्या तर ती यादी कपाटात मावणार नाही. म्हणजे एकाच प्रसंगात दोघांचेही नुकसान आहे. ती मरते कारण त्याला राग यावा, आणि त्याला राग सोडून दुसरे काही वाटण्याची सोय नाही.

माझा मुलगा दहावीत आहे. पडल्यावर लागले का असे विचारले तर 'नाही' म्हणतो आणि लंगडत जातो. हे तो घरात शिकला की पडद्यावर, ते मला सांगता येणार नाही.

बी.ए. द्वितीय वर्ष

सर्वांना नमस्कार. 'जवान'मध्ये (2023) नायकाच्या तुकडीत सहा मुली आहेत, त्या मेट्रो ताब्यात घेतात, गोळ्या झाडतात, मोटारसायकली चालवतात. आम्हा मैत्रिणींना तो आवडला. तो या हिशेबात कुठे बसतो?

लष्करची लेखणी

चांगला प्रश्न आहे. सहा जणी आहेत हीच मोठी गोष्ट आहे, कारण एरवी टोळीत मुलगी एकच असते आणि 'मुलगी असणे' हाच तिचा स्वभाव असतो. सहा असल्या की एक डॉक्टर होऊ शकते, एक संगणकातली जाणकार होऊ शकते, त्यांना एकमेकींशी बोलावेही लागते. परंतु त्या तुरुंगातून आलेल्या आहेत आणि ज्यांची कथा सविस्तर सांगितली जाते त्यांच्या कथेच्या तळाशी अन्यायच आहे. त्यांना एकत्र आणणारा, योजना आखणारा आणि शेवटी पडदा व्यापणारा नायक आहे. तुम्हाला आवडला यात काही गैर नाही, मलाही मेट्रोचा भाग आवडला. त्या सहा जणींपैकी एकीने योजना आखली असती तर चित्रपटाचे काय बिघडले असते, यावर तुम्ही मैत्रिणींनी बोलून पाहा आणि इथे लिहा.

रीळ आणि दिवा

वयाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून एवढेच जोडतो. नायक साठीचा झाला तरी त्याच्या दाढीतले पांढरे केस टाळ्या घेतात. नायिका चाळिशीला आली की तिला नायकाची आई करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. मिशेल योला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर 2023 साली, वयाच्या साठाव्या वर्षी मिळाले, तेही ज्यात ती हाणामारी करते अशा चित्रपटासाठी. माझ्या बायकोने ती बातमी मला वाचून दाखवली आणि वर म्हणाली की, आता गुडघ्याचे कारण सांगून बाजाराची पिशवी माझ्याकडे देऊ नका.

लष्करची लेखणी

काल समितीत बसलो होतो. या धाग्यातले मुद्दे मी छापून नेले होते, त्यामुळे चहा येण्यापूर्वीच वाद सुरू झाला, आणि ते बरे झाले. ठरलेले असे :

सुरुवात 'डायमंड क्वीन'ने करायची, आणि त्यानंतर रीळ आणि दिवा यांनी नादियाबद्दल मुलांशी बोलायचे. नादियाचा गोरेपणा हा मुद्दा त्यांनी वगळू नये, अशी माझी विनंती आहे. पुढच्या शनिवारी 'शोले'तला टांग्याचा पाठलाग तेवढाच दाखवायचा आणि कात्री यांनी इंदूरहून येऊन, पडणारी व्यक्ती कशी पडते आणि तुकडे कसे जोडतात, हे समजावून सांगायचे. 'दंगल' आहे. 'हिरकणी' ठेवला आहे. ज्येष्ठ सभासदांचा आग्रह होता आणि मला तो पटला, कारण कडा उतरतानाचे हात, पाय आणि श्वास हे त्यात खरोखर दिसते. मात्र चित्रपट संपल्यावर मुलांना एक प्रश्न द्यायचा आहे. हिच्या घरी मूल नसते, हिला फक्त हा कडा उतरून पाहायचा असता, तर गोष्ट कशी लिहिली असती? उत्तरे लेखी घ्यायची, मुलगे आणि मुली दोघांकडून.

राणीवरच्या चित्रपटाबाबत एकमत झाले नाही. माझा प्रस्ताव असा होता की, चित्रपटाऐवजी मुलांना फुलबागेत न्यावे आणि ग्वाल्हेरची मोहीम नकाशावर समजावून सांगावी. फौजा कुठून आल्या, तोफा कुठे होत्या, राणीने कोणती बाजू सांभाळली. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, मेमधल्या उन्हात पोरे नकाशा पाहणार नाहीत, घोडा पाहतील. दोरावरच्या ताईंनी त्यांच्या मुलींना घेऊन सकाळी सहाला येण्याची तयारी दाखवली आहे, त्यामुळे उन्हाचा प्रश्न सुटू शकतो. बाड्यावरच्या दादांनी मुलाला पाठवावे. ज्यांना हरकत असेल त्यांनी रविवारपर्यंत इथेच लिहावे, यादी सोमवारी छापायला जाईल.